गडग्यातली फुसफुस

हात आत गेला.

नाही. आधी दात.

आठवडाभर आधी हद्दूनं आपल्या वहिनीचा, इत्तोचा, पुढचा दात पाडला. ती गडग्याला पाठ लावून उभी होती. मागे दगडांच्या फटीत हुदहुद पक्ष्याचं घरटं होतं आणि ते हद्दूला हवं होतं. आठवडी बाजारातला जडीबुटीवाला हुदहुदाचं ताजं काळीज घेतो. नवऱ्याचं मन वळावं म्हणून बायका ते ताइतात शिवतात. हद्दूनं काठीचं टोक इत्तोच्या तोंडावर हाणलं. ती रक्त थुंकली. हलली नाही.

"मेलेल्या भावाची बायको आहेस म्हणून एकच पाडला," तो म्हणाला.

"तुझा भाऊ दोन पाडायचा. तू जन्माचा निम्मा."

जैतुनाच्या झाडांच्या त्या उतारावर पूर्वी दर गडग्यात एक जोडी असायची. हद्दूनं एकेक गडगा रिकामा केला. आता हे एवढंच घरटं उरलं होतं. यातली पिल्लं उडाली नाहीत तर पुढच्या वसंतात उतार मुका. पक्षी मोजणाऱ्या शहरातल्या बाईनं इत्तोला एक वही दिली होती. आरशाच्या तुकड्यानं फटीत ऊन टाकायचं, बघायचं, लिहायचं.

वहीत: अंडी सात. पिल्लं सहा.

वहीत: पिल्लं पाच. सगळ्यात धाकटं आईनंच उचलून थोरल्याच्या घशात घातलं.

शहरातली बाई हे वाचून शहारली असती. इत्तो शहारली नाही. भाकरी एक आणि तोंडं सहा असली की काय होतं, ते तिनं माणसांत पाहिलं होतं.

आता साप.

हुदहुदाची पिल्लं हात जवळ आला की सापासारखी फुसफुसतात. त्यावरच इत्तोनं पंधरा वर्षं घरटी राखली. कुणी फटीपाशी वाकला की म्हणायची, "हात घालू नकोस, आत साप आहे." आतून फुस्स व्हायचं आणि माणूस पळायचा. हद्दूही तीन वसंत पळाला. मग एकदा फटीतून एक आ वासलेली चोच बाहेर आली. त्या दिवशी त्यानं तिच्यादेखत चार मुंड्या पिरगाळल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं: ही वहिनी. हीपण वहिनी. हीपण.

त्या सकाळी हुदहुदाची मादी अंजिराच्या फांदीवर बसली होती. चोचीत जाड किडा वळवळत होता. ती फटीकडे उडायची, तुरा फुलवायची, परत फिरायची. आत जाईना. इत्तोनं कान लावला. पिल्लांची फुसफुस तुटक असते. ही लांब होती, लोहाराच्या भात्यासारखी. तिनं आरसा धरला. उन्हात वेटोळं दिसलं, मधोमध फुगलेलं. घोणस.

तिनं आरसा खाली घेतला. तेवढ्यात पोतं घेऊन हद्दू आला.

"बाजूला हो."

"हात घालू नकोस. आत साप आहे."

हद्दू पोट धरून हसला. "पंधरा वर्षं तोच साप? म्हातारा झाला असेल बिचारा!"

"हद्दू, घोणस आहे. पिल्लं खाल्लीत तिनं. हा आरसा घे, बघ."

त्यानं आरसा दगडावर आपटला. आत फुस्स झालं. "ऐक! भूक लागलीय लेकरांना."

तिनं त्याची बाही धरली. त्यानं कोपर मारलं, नेमकं त्याच जखमेवर. ती पडली. पाय धरता आला असता. दगड मारता आला असता. खरं बोलताना वेगळा आवाज कुठून आणायचा, याचा विचार तिला कधी करावाच लागला नव्हता. ती पडून राहिली. किती वेळ, ते वहीत नाही.

हात आत गेला.

बाहेर आला तो सापासकट. एक दात तर्जनीत, एक मधल्या बोटात. हद्दू गुरासारखा ओरडत घोणस दगडांवर आपटत सुटला. डोकं ठेचलं तरी आपटत राहिला. पोट फाटलं. आतून ओली पिसं आली, अजून नळीतून न फुटलेली.

"वहिनी, तोड! तोड!"

कोयता तिच्या कमरेलाच होता. तिनं त्याचा हात दगडावर ठेवला. पहिल्या घावात एक बोट गेलं. दुसरा घाव तिनं जरा सावकाश घातला.

वहीत: पिल्लं शून्य.

त्या जोडीनं त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या गडग्यात पुन्हा अंडी घातली. हद्दू तेव्हा खाटेवर तापानं फणफणत होता. पिल्लं उडाली.

पुढच्या वसंतात डोंगरापलीकडचे दोघं जाळं घेऊन आले. एक फटीपाशी वाकला. आत फुस्स, फुस्स, तुटक.

"आत साप आहे," गवत कापता कापता इत्तो म्हणाली.

"ही गोष्ट आमच्या आजीलाही यायची, बाई!"

"मग माझ्या दिराला विचारा."

हद्दू जैतुनाखाली बसला होता, उजवा हात बाहीत. हुदहुदाच्या पिल्लांच्या घरट्याला येतो तो कुजका वास त्याच्या नाकापर्यंत येत होता. सापाला तसा वास नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इत्तोचा कोयता थांबला. तिनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि दिराकडे पाहिलं.

हद्दूनं हात बाहेर काढला. तीन बोटांचा.

"घोणस," तो म्हणाला. "मनगटाएवढी."

दोघं जाळं गुंडाळून उतरून गेले. हद्दू तिच्या पायापाशी थुंकला.

"किती आहेत आत?"

"सहा," इत्तो म्हणाली. "आजच्यापुरती."