शेवटच्या भागानंतर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरात रविवारी दुपारी तिघी टीव्हीपुढं बसल्या होत्या: त्रिशला, तिची म्हातारी आई आक्का आणि शेजारची नीलम्मा. वर्षभर चाललेल्या खुनाच्या मालिकेचा आज शेवट होता. मास्तराच्या पोराला कुणी मारलं हे मालिकेतल्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण साक्षीदार फिरले आणि खुनी सुटला. मास्तर कोर्टाच्या पायरीवर बसला, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली.

"एवढंच?" नीलम्मा म्हणाली. "सुटंना का त्यो, पर ह्यातनं माणसानं घ्यायचं काय? वरीसभर उगंच डोळं फोडून घेतलं."

ती पुटपुटत घरी गेली. त्रिशलाचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ती आईचा चेहरा बघत होती.

ब्याण्णव साली गावाकडं, शिरोळला, उसाच्या पाण्यावरनं भांडण झालं आणि शेजारच्या रानातल्या गुंडूनं त्रिशलाच्या धाकट्या भावाला, ऋषभला, बांधावरच जिवे मारलं. निकाल लागला तेव्हा आक्का अंथरुणाला खिळली होती, अन्नावरची वासनाच उडाली होती. गुंडू निर्दोष सुटला. त्रिशला कोर्टातनं थेट शिरोळला गेली आणि उंबऱ्यातनंच म्हणाली, "जन्मठेप झाली, आक्का." म्हातारी उठून बसली. त्या दिवशी तिनं मऊ भात मागून खाल्ला.

मग ते खोटं सांभाळणं आलं. आईला तिनं कोल्हापूरला आणलं. भावकीला हातापाया पडून गप्प केलं. शिरोळला कार्य निघालं की ती सावलीसारखी आईच्या मागं. ही मालिकाही बघू नको म्हणून तिनं परोपरीनं सांगितलं होतं. आक्का ऐकते कुठली.

आता दोघी पावटे सोलायला बसल्या.

"मास्तराला लेक न्हवती," आक्का म्हणाली.

"न्हवती."

"असती तर घरी येऊन कायतरी बरं सांगितलं असतं तिनं."

त्रिशलाचा हात थांबला. तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"भावकीतल्या बापूसोच्या लग्नाला शिरोळला गेलतो न्हवं? तू तिकीट काढायला गेलीस, तवा स्टँडवर गुंडू दिसला. केस पिकल्यात. पेरू घेत हुता."

"आणि बोलली न्हाईस मला?"

"तू इतकं जपलेलंस. काय बोलू?" आक्कानं एक किडका दाणा बाजूला टाकला. "एकेक पेरू दाबून बघत हुता, वास घेत हुता. मी नुसती बघत ऱ्हायले."

"माझा राग आला असंल."

"तुझा कशाला? तू सांगितलंस म्हणून त्यावेळी चार घास पोटात गेलं. पण समाधान म्हणशील तर ते न्हाय झालं. खोटं खरं वाटत हुतं तवा बी न्हाय, आणि खरं कळलं तवा बी न्हाय. पोर का गेलं, त्याचा अर्थ मला अजून लागला न्हाय बघ."

हे कधीतरी उघडं पडलं तर निदान जीव हलका होईल, असं त्रिशलाला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. भरलेली घागर उतरवली तरी मान आखडलेलीच राहावी, तसं झालं. तिला रडूही आलं नाही. ती पावटे सोलत राहिली.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तिनं पानं घेतली, तेवढ्यात नीलम्मा दारात आली. तिला अजून चैन नव्हतं.

"मी म्हंते, त्या खुन्याला शेवटी ट्रकखाली तरी घालायचा हुता. मास्तराला असं पायरीवर बसवून ठेवलं, बरं वाटतं का ते?"

"उठला असंल की त्यो," आक्का म्हणाली. "कुठवर बसंल?" आणि तिनं त्रिशलाला खुणेनं शेजारी बसायला सांगितलं. "तू बी बस आता. दमलीस."