तेहतीस फलाफल

हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाली त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि तहसिलीतून निवृत्त झालेल्या नानांना ही बढती आपल्यालाच मिळाल्यासारखी वाटत होती. त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना, जिल्ह्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. अधिक महिना लागला होता, धोंड्याच्या जेवणाला जावई येणार होते, आणि या खेपेला ते पोटभर जेवले पाहिजेत.

त्याला कारणही तसंच होतं. लेक मधुवंती लग्न होऊन मस्कतला गेली ती दोन वर्षांनी येत होती, आणि माहेरी राहणार होती फक्त चार दिवस. जावई विश्वजीतराव स्वभावाने भले, पण भलतेच अबोल. ताटात काहीही वाढा, दोन घास खाऊन "छान आहे" म्हणायचे आणि हात धुवायचे. जावयाचं "छान आहे" म्हणजे काय असतं, ते कुठल्याही सासूला विचारा. जावई रमले, तर चाराचे आठ दिवस होतील आणि लेक जरा जास्त लाभेल, एवढीच सरलाबाईंची आशा होती.

मग त्यांना मधूचं एक जुनं पत्र सापडलं. त्यात लिहिलं होतं, "लग्नाआधी दोन वर्षं हे रोज रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातलं फलाफल खायचे." फलाफल म्हणजे हरभरे भिजवून, वाटून तळलेला वडा, बाहेरून कुरकुरीत, आत हिरवा आणि जाळीदार, एवढी माहितीही खाली होती. सरलाबाईंनी चष्मा काढला आणि ठरवून टाकलं. नाना जन्मभर रोज भाकरी खात आले, ती आवडते म्हणूनच ना?

जावई यायच्या आधी आठ दिवस तालीम सुरू झाली. आता पत्रात "भिजवून" लिहिलं होतं, पण भिजवलेलं कडधान्य फडक्यात बांधून मोड आणल्याशिवाय सरलाबाईंना चैन पडेना. मोड आले. मग कच्चं कसं वाटायचं म्हणून कुकरच्या तीन शिट्ट्याही झाल्या. वाटून, वळून वडे तेलात सोडले मात्र, ते असे फुटले की कढईत उसळच झाली.

नानांनी ती तेलकट उसळ बिनतक्रार खाल्ली. "हेच असंन फलाफल," ते म्हणाले. "परमुलखात लोकांना काय काय खावं लागतं बिचाऱ्यांना."

शेजारच्या शकुंतलाबाई आजवर नांदेडच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, पण फलाफलचा रोग त्यांनी चुटकीसरशी ओळखला. "बेसन घाला की! बांधून येतंय बराबर."

बेसन घातलं. मिक्सरमधून अगदी गंधासारखं वाटलं. वर चमचाभर हळद पडली, कारण हिंगोलीत राहून तळणात हळद घालायची नाही हे सरलाबाईंच्या हाताला पटलं नाही. वडे पिवळेधमक आणि गोल गरगरीत झाले. नानांनी एक फोडायचा प्रयत्न केला. "भजं म्हणून वाईट न्हाई," ते म्हणाले, "पण कुत्र्याला फेकून मारू नको, मरंल ते."

एवढ्यात पाहुणे आले. सरलाबाईंनी लेकीला दारातच कवटाळलं, आणि लगेच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. फलाफलची गोष्ट कुणाला, अगदी मधूलाही, सांगायची नव्हती. मधू घडीघडी दाराशी यायची. "आई, काय करून राहिलीस गं एवढं? मी येऊ का?"

"नको, नको, लई गरम हाय आत. जा, बाहेर पंख्याखाली बस," आतून उत्तर यायचं.

आत खरोखरच साधना चालली होती. एकेका घाण्यातून सरलाबाई शिकत गेल्या. हरभरा शिजवायचा नाही, मोड आणायचे नाहीत, नुसता भिजवायचा आणि फडक्यावर पसरून चांगला कोरडा करायचा. बारीक वाटला की वडा दगड होतो, म्हणून मिक्सर बाजूला राहिला आणि पाटा-वरवंटा खाली आला. भरड वाटायचं, पाण्याचा थेंब नाही, बेसनाची चिमूट नाही. कोथिंबीर मात्र मुठीमुठीने, सोबत जिरं आणि लसूण. "अधिकात लसूण?" शकुंतलाबाईंनी खिडकीतून विचारलंच. "वाण अनारशांचं हाय," सरलाबाई म्हणाल्या, "फलाफलला पाप लागत न्हाई." आणि सगळ्यात कठीण काम त्यांनी काळजावर दगड ठेवून केलं. हळदीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

चौथ्या दिवशी धोंड्याचं जेवण मांडलं. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले. मग सरलाबाईंनी आतून दुसरं ताट आणलं. त्यातही मोजून तेहतीस. एक त्यांनी जावयासमोरच फोडून दाखवला. आत हिरवागार, आणि जाळी अशी की अनारशानं मान खाली घालावी.

"फलाफल!" मधू किंचाळलीच. "अगं आई, पण..."

"तू थांब गं. घ्या, विश्वजीतराव."

त्यांनी एक घास घेतला. चावता चावता ते थांबले. नाना, सरलाबाई, मधू, तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी उरलेला तुकडा हळूच ताटात ठेवला.

"आई, अगदी तसंच झालंय. त्या दुकानातल्यासारखं. तसूभरही फरक नाही." मग म्हणाले, "पण मला फलाफल आवडत नाही."

नानांचा हात दुसऱ्या वड्याकडे जाता जाता थबकला.

"मस्कतला एवढीशी खोली होती. सोबतीला कुणी नव्हतं. कामावरून सुटायला उशीर व्हायचा, तेव्हा तेवढं एकच दुकान उघडं असायचं. दोन वर्षं तेच खाल्लं. आत्ता घास घेतला, आणि ती खोलीच आठवली. माफ करा."

सरलाबाईंना आधी रडू येईलसं वाटलं, इतक्या दिवसांची सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून. पण मग त्यांच्या ध्यानात आलं की जावई "छान आहे" म्हणाले नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदाच ते या घरात घरच्यासारखं बोलले होते. सरलाबाईंना एकदम हलकं वाटलं.

"बरं झालं सांगितलं," त्या पदर खोचत उठल्या. "मग काय आवडतं, ते सांगा. अर्ध्या तासात करते."

"काही करू नका. तुम्ही बसा," विश्वजीतराव म्हणाले. "आम्ही आणखी चार दिवस राहतो. पण चुलीपुढे जायचं नाही. आल्यापासून मधू नुसतं ते लोटलेलं दार पाहतेय. रात्री माझ्यापाशी रडली."

मधू ताटातल्या पुरणावर बोटाने रेघा ओढत होती. सरलाबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या, आणि लेक आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

"किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "आणि मी जावयाला खाऊ घालून राहिले."