आणखी बारा दिवस

दातांवरून मेंढीचं वय ओळखतात. माझे आता चारच उरलेत, तेव्हा मी किती जुनी मेंढी आहे ते तुम्हीच समजा, मित्रांनो. एके काळी लोकर कातरायला पहिला नंबर माझा असायचा. मालक चारचौघांना माझ्या पाठीत बोटं रुतवून दाखवायचा, आणि खोटं कशाला बोलू, मीही जरा भाव खायचे. आता लोकर विरळ झाली, तसं कुणी फारसं बघत नाही. असू दे. पण माझ्या पहिल्या कोकराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मालकाला सगळे ‘भोंगा’ म्हणत. मनाने मऊ, पण साधं ‘सरक’ म्हणाला तरी आमचा अख्खा कळप दचकायचा. मी गाभण होते, व्यायला तीन आठवडे होते. कातरणीला न्यायला त्याने मला टेम्पोत चढवायला घेतलं. फळीवर पाय ठेवायला मी घाबरले. तो ओरडला, पत्र्याचं दार धाडकन आपटलं आणि मी घसरून कुशीवर पडले. पोटातलं कोकरू आक्रसून गेलं. थोड्या वेळाने माझं पोट घट्ट व्हायला लागलं.

जनावरांची डॉक्टरीणबाई आली. माझ्या पोटाला नळी लावून ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने मालकाला समजावलं. कधी जन्मायचं ते आई नाही, कोकरूच ठरवतं. त्याच्या मूत्रपिंडाजवळ एवढीशी ग्रंथी असते. दिवस भरत आले की ती कॉर्टिसॉल नावाचा रस सोडते. त्याने फुप्फुसं तयार होतात आणि आईच्या शरीराला निरोप जातो, आता मला बाहेर घे. पण भीतीनेही तोच रस सुटतो, अगदी वेळेआधी. या कोकराची फुप्फुसं अजून कच्ची होती. आज जन्मलं तर त्याला श्वास घेता येणार नव्हता. निदान दहा दिवस तरी त्याने आत राहायला हवं होतं.

“मग औषध द्या की,” मालक म्हणाला.

“औषध तुम्हीच आहात, काका. हिच्यापुढे आवाज चढवायचा नाही.”

बिचाऱ्याने काय काय केलं! दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, कुत्र्याला मेव्हण्याकडे पाठवलं आणि घरातसुद्धा हातवारे करून बोलायला लागला. मालकीण म्हणाली, “तीस वर्षं मी हेच सांगत होते, पण ऐकायला मेंढी गाभण राहावी लागली.” रोज दुपारी तो माझ्याशेजारी गवतावर बसायचा आणि पोटावर हात ठेवून पुटपुटायचा, “चुकलं रे माझं. अजून थोडा थांब.” पहिले दोन दिवस मी अंग चोरलं. मग माझं पोट हळूहळू सैल पडायला लागलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी व्याले. कोकरू बाहेर आलं ते ओल्या फडक्यासारखं निपचित. श्वास नाही. मालकाने पहाटेच बोलावलेल्या डॉक्टरीणबाईने त्याचं नाक पुसलं, गवताने छाती चोळली. मी जीव तोडून चाटत होते. तेवढ्यात ते शिंकलं आणि त्याच्या बरगड्या वर-खाली व्हायला लागल्या. तरी मी चाटायची थांबले नाही.

मालकाने विचारलं, “मी तेव्हा ओरडलो नसतो, तर याचे दिवस पुरते भरले असते ना?”

“हो,” ती म्हणाली. “आणि नंतरही ओरडला असतात, तर आज गेलं असतं.”

भिंतीकडे तोंड करून त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादी गाभण मेंढी असली, तर तिला पोटभर चारा द्या, हलक्या हाताने न्या, दामटू नका. तिच्या पोटातल्या जिवाने अजून उजेडसुद्धा पाहिलेला नसतो. कधी यायचं, एवढं एकच त्याला ठरवायचं असतं. ते त्याला घाबरून ठरवायला लावू नका.