संध्याकाळी बोलू

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मोर्शीच्या वामनराव मास्तरांनी माझ्यात एक नाटक लिहिलं. नावाडी दौलत आणि कुंभाराची कमळजा यांचं प्रेम, घरच्यांचा नकार आणि शेवटी पुरात बुडालेली दौलतची नाव. लिहिताना मास्तरांचे डोळे भरून येत. माझ्याइतकी भाग्यवान वही दुसरी नसेल असं मला वाटे.

तालमी सुरू झाल्या. कमळजाचं काम दामिनी करायची, कॉलेजात शिकणारी गुणी मुलगी. शेवटच्या प्रवेशात ती जीव ओतून रडायची, पण बघणाऱ्यांचे डोळे कोरडेच राहत. एकदा तर कुणी जांभईही दिली. मास्तर मला पुन्हा पुन्हा चाळत, चूक सापडेना. माझी कमळजा सुंदर होती, सोशीक होती, निर्दोष होती. तिच्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि लक्षात ठेवण्यासारखंही नव्हतं.

तालमीला चहा करणाऱ्या माणिकबाई हे रोज पाहत. त्यांचे यजमान देवमन संत्र्यांचा ट्रक चालवत. बाळापूरजवळ अपघात होऊन ते गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी दामिनी हिरमुसून बसली, तेव्हा माणिकबाई तिच्याजवळ टेकल्या.

"मानूस गेला म्हून नाही सलत, पोरी," त्या म्हणाल्या. "त्या सकायी मी रुसली होती. ते जाता जाता काही सांगत होते. मी म्हटलं, संध्याकायी बोलू. संध्याकाय झालीच नाही."

दामिनीनं हे मास्तरांना सांगितलं आणि कमळजालाही असंच रुसू द्या, म्हणाली. मास्तर अडून बसले. नायिका रुसली तर लोक तिलाच दोष देतील, असं त्यांचं म्हणणं. पण दोन दिवसांनी त्यांनीच माणिकबाईंना विचारलं, हे शब्द घेऊ का? "घ्या जी," त्या म्हणाल्या. मास्तरांनी कमळजासाठी स्वतः लिहिलेलं दीड पानाचं भाषण खोडलं आणि तिथं एकच ओळ लिहिली. मला ते खोडणं फार लागलं होतं.

अमरावतीला प्रयोग झाला. कमळजा पाठ फिरवून "संध्याकाळी बोलू" म्हणाली आणि दौलत नावेकडे गेला. या खेपेला दामिनी रडली नाही. समोरची माणसं मात्र रडली. खेळ संपल्यावर माणिकबाईंनी मास्तरांना विचारलं, ती ओळ कुठं आहे? त्यांना वाचता येत नव्हतं. मास्तरांनी मला उघडून ती दाखवली, तेव्हा बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

पुढे मास्तर वारले. दामिनी नोकरीसाठी पुण्याला गेली. मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. गेल्या उन्हाळ्यात माणिकबाईही गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या हातची वही असेल, तर ती रद्दीत देण्याआधी एकदा उघडा. माझ्या मागच्या पुठ्ठ्यातून वाळवी शिरली आहे. शंभराव्या पानापासून खात खात ती ब्याण्णवाव्या पानापर्यंत आली आहे. माणिकबाईंची ओळ नव्वदाव्या पानावर आहे.