चौथ्या पानावरचं टिंब

सत्र संपत आलं की प्राध्यापकांचे चेहरे बघवत नाहीत. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या नीरजा मॅडमचंही तेच व्हायचं. असाइनमेंट संगणकावर येऊन पडलेल्या आणि निकालाची तारीख डोक्यावर. म्हणून त्यांनी एक सोय करून ठेवली होती. 'चांगला प्रयत्न', 'संदर्भ वाढवा', 'मांडणी सुधारा' असे शेरे आधीच टाईप केलेले. पहिलं पान बघायचं, शेवटचं बघायचं आणि एखादा शेरा चिकटवून मोकळं व्हायचं. यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नव्हतं. वाटावं तरी कसं? सगळेच तसं करत होते!

एका सोमवारी सान्वी विभागात आली. एम.ए.ची ही विद्यार्थिनी शीळफाट्याजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि तास संपले की एका गोदामात बिलं बनवायची.

"मॅडम, ॲडमिशन कॅन्सल करायचंय. सही हवीये."

"अगं, का? मार्क्स तर चांगले आहेत तुझे."

"माझी असाइनमेंट तुम्ही वाचलेली का?"

"म्हणजे काय, वाचली की!"

सान्वीने मोबाईल पुढे केला. 'शहरातला शेजार' या विषयावर तिने लिहिलं होतं. चौथ्या पानावर मधेच एक ओळ होती : 'मॅडम, इथपर्यंत वाचलं असेल तर इथे फक्त एक टिंब द्या.' टिंब नव्हतं. खाली शेरा होता, 'चांगला प्रयत्न. संदर्भ वाढवा.'

नीरजा मॅडमना बसल्या जागी घाम फुटला.

"रूमवर बोलायला कोणीच नसतं मॅडम," सान्वी म्हणाली. "आईला फोन केला तर ती जेवलीस का, एवढंच विचारते. हे लिहिताना वाटलेलं, आपण कोणाशी तरी बोलतोय. पण कोणी ऐकतच नसेल तर कशाला शिकू?"

शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले हरिहर सर होते. हात कापत असल्यामुळे ते शेरे लिहीत नसत, मोबाईलवर बोलून पाठवत. विभागात त्यांना 'आकाशवाणी' म्हणून हसायचे, नीरजा मॅडमसुद्धा.

"सान्वी, दोन दिवस थांब," सर म्हणाले.

"तुमच्यामुळेच इतके दिवस थांबले, सर. तुमचा ऑडिओ मी परत परत ऐकते. 'हे मला पटलं नाही, सान्वी' असं म्हणालात ना, ते फार आवडलं."

ती गेल्यावर नीरजा मॅडम चिडून म्हणाल्या, "एवढ्या मुलांशी बोलत बसायला वेळ कुठून आणू, सर?"

"वेळेचं सोडा. न वाचता शेरा लिहिता येतो, मॅडम. न वाचता दोन मिनिटं बोलून दाखवा! बोलायचं म्हटलं की आधी वाचावंच लागतं. आणि चूक सांगतानाही आवाजात माया राहते. ती त्या तयार शेऱ्यात कुठून आणणार?"

संध्याकाळी कोलशेतच्या आपल्या फ्लॅटमध्ये नीरजा मॅडमनी असाइनमेंट पहिल्यापासून वाचली. लिफ्टमधून कुणी उतरतंय असं कळलं की बाहेर पडायला निघालेली माणसं दार परत लोटून घेतात, असं सान्वीने लिहिलं होतं. मॅडम स्वतः तेच करत! त्यांनी मोबाईलवर बोलायला सुरुवात केली आणि मधेच अडखळल्या. या घरात आपण मोठ्याने बोललो त्याला किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. मग त्या पुन्हा बोलू लागल्या.

"सान्वी, मी तेव्हा वाचलं नव्हतं. माझं चुकलं. आज सगळं वाचलं. दार लोटून घेणाऱ्यांत मीही आहे. पण शहरातल्या माणसांना शेजार नकोच असतो, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ती घाबरतात गं."

सकाळी उत्तर आलं, तेही आवाजातच. मागे गाड्यांचे हॉर्न.

"घाबरतात कसली, मॅडम! मला अजिबात पटलेलं नाही. उद्या तासाला येते, मग समोरासमोर भांडू. कॅन्सलचं राहू दे आता."

मॅडम एकट्याच हसल्या, आणि मग डोळे पुसत बसल्या.

वाचकहो, आपण शिक्षक असू, साहेब असू, आईबाप असू. कुणी जीव ओतून केलेल्या कामावर तयार शेरा चिकटवू नका. त्या माणसाला दर वेळी शाबासकी हवी असते असं नाही. आपलं म्हणणं कुणीतरी भांडण्याइतकं तरी ऐकावं, एवढंच त्याला हवं असतं.