कोरडा कूलर

सकाळपासून मनोहरराव सातव्यांदा ट्रेपाशी उकिडवे बसले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि नाक मातीला लागेल इतके वाकले. हिरवे ठिपके काल होते तेवढेच होते. राईएवढी दोन पानं आणि खाली दोऱ्यासारखा देठ. उगवून अठरा दिवस झाले होते. एवढ्यात मेथी पेरली असती तर भाजी खाऊन लोक विसरूनही गेले असते.

"वाढून राहिले का?" आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोने, जयवंताने विचारलं.

"वाढून राहिले."

"खोटं. पहिला महिना ते फूल वर वाढतच नाई. खाली मुळं करते. तुमी फक्त हात नका लावू."

हात न लावणं हेच तर मनोहररावांना जमत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी नागपूरच्या जरीपटका भागात कूलर दुरुस्त केले. बिघडलं की उघडायचं, चालू झालं की पुढच्या घरी जायचं. नुसतं बसून बघायचं काम त्यांना कधी कोणी दिलंच नव्हतं.

या वर्षी दिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी जयवंता न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. वॉकर धरून रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. ती दोनदा उभी राहिली, दोन्ही वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग जी तिच्या मनात भीती बसली ती उठेना. वॉकर पलंगाशी उभा राहिला आणि त्याच्यावर टॉवेल वाळू लागले.

दरवर्षी तिच्या हातचे डॉग फ्लॉवर अंगणात उभे राहत. गर्द लाल, जवळजवळ काळे. जानेवारीत गल्लीतली पोरं येऊन फुलाचे गाल दाबत आणि त्याचं तोंड उघडून बघत. बी तिचं घरचंच, तपकिरीच्या डबीत ठेवलेलं. यंदा मार्चच्या उन्हाने झाडं लवकर करपली आणि डबीत चिमूटभरच बी उरलं. तिने पलंगावरून सांगितलं आणि मनोहररावांनी ती चिमूट बारीक रेतीत मिसळून ट्रेमध्ये भुरभुरली. वर माती टाकायची नाही, त्या बियाला उजेड लागतो, हेही तिनेच सांगितलं.

"अन् तू कधी उठतं?" त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

"हे रोपं अंगणात लावायचे झाले का उठीन," ती म्हणाली होती.

बोलायला ती सहज बोलली, पण मनोहररावांनी ते गाठीला बांधलं. रोपं जगली तर जयवंता उठेल. रोपं मेली तर तिला न उठायला कारण मिळेल.

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. दुपारी पडवीच्या पत्र्याखाली घामाच्या धारा लागत. मनोहरराव दहादा आत जात, दहादा बाहेर येत. ट्रे भिंतीकडे सरकवला, तिथून खिडकीखाली नेला, पुन्हा जागेवर आणला.

शेजारच्या कांताबाई धुणं वाळत घालता घालता म्हणाल्या, "भाऊजी, उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग! ते रोपं हायेत का पाहुणे? सारखे इकडून तिकडे फिरवून राहिले."

"गरमी पाहा ना किती हाय. कोवळे हायेत बिचारे."

आणि मग त्यांना सुचलं. गरमीवर नागपुरात जो उपाय सगळ्यांना माहीत, तो त्यांच्या तर हातचा होता. त्यांनी मागच्या शेडमधून एक लहान कूलर ओढून आणला, टाकीत पाणी भरलं, बाजूच्या जाळीदार ताट्यांमध्ये नवीन गवत भरलं आणि ट्रेसमोर लावून दिला. गार, ओलसर वारा सुटला. रोपं डुलली. मनोहरराव खूश झाले. वरून मगाने थोडं थोडं पाणीही शिंपडत राहिले.

तिसऱ्या दिवशी ट्रेचा एक कोपरा आडवा झाला. कोणी कापून ठेवावं तशी रोपं पडली होती. त्यांना वाटलं, तहान लागली असेल. आणखी पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी जागा रिकामी झाली.

"वाढून राहिले का?" आतून आवाज आला.

"हो."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ते पुन्हा ट्रेपाशी बसले आणि एक मेलेलं रोप चिमटीत धरून डोळ्यांजवळ आणलं. पानं अजून हिरवी होती. देठ वरती धड होता. फक्त जिथे तो मातीतून बाहेर येतो, नेमका तिथेच, केसासारखा बारीक आणि तपकिरी पडला होता.

ही जागा त्यांनी पाहिली होती. रोपांत नाही, कूलरच्या स्टँडांत. लोखंडी पाय वरती धड असतो, खाली धड असतो, आणि जिथे रोज ओल साचते त्या बोटभर जागी सडून मोडतो. मालक म्हणतो, स्टँड कच्चा निघाला. मनोहरराव हजारदा म्हणाले असतील, "स्टँड नाई कच्चा, साहेब. खालची जागा कोरडी ठेवा."

"हजार लोकांले सांगितलं, अन् घरी काय केलं?" ते स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी कूलरची टाकी रिकामी केली. पंपाची वायर काढली, ओल्या गवताच्या ताट्या काढून बाजूला ठेवल्या. नुसता पंखा सगळ्यात कमी वेगावर लावला आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे भिंतीला आपटून हलकी, कोरडी झुळूकच रोपांपर्यंत येईल. मेलेली रोपं चमच्याने आसपासच्या मातीसकट उचलून फेकली. पाणी वरून बंद. ट्रे हाताला हलका लागला की परातीत पाणी घेऊन त्यात टेकवायचा, खालून माती हवं तेवढं पिऊन घेईल.

दोन दिवस गेले. नवीन रोप पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. "ऐकता का? कूलर कोरडा काहून चालवून राहिले?"

मनोहरराव दारातच थबकले. "तुले कसं कळलं?"

"कूलरवाल्याच्या घरात चाळीस वर्षं काढली. पाण्याची टपटप नाई, पंपाची घरघर नाई. अन् त्याआधी चार दिवस ओल्या गवताचा वास येऊन राहिला होता. किती गेले?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "एक अख्खा कोपरा."

जयवंता वरच्या पत्र्याकडे बघत राहिली. मनोहररावांना वाटलं, आता ही भिंतीकडे तोंड करणार, मग झालंच.

"इकडे आणा ट्रे. पाहू द्या," ती म्हणाली.

"नाई."

"काहून?"

"आता कुठं उभे हायेत. मी नाई हलवत वं. तिथंच वारं बरोबर लागून राहिलं." ते काही डाव टाकत नव्हते. खरंच घाबरले होते. "पाहायचं असन तर तू ये."

"मले टोमणा मारता?"

"नाई वं, आईची शपथ!"

ती चिडली. दुपारचा चहा घेतला नाही. संध्याकाळी दोनदा उशी इकडची तिकडे केली. मनोहररावांनाही पडवीत बसवेना म्हणून ते फाटकापर्यंत जाऊन येत होते. तिसऱ्या फेरीला त्यांना टक असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक.

वॉकरवरचा टॉवेल जमिनीवर पडला होता. जयवंता दारात उभी होती, घामाने डबडबलेली, ओठ घट्ट मिटलेले. मनोहरराव धावले.

"धरू नका. स्टूल आणा."

पलंगापासून ट्रेपर्यंत अकरा पावलं. ती स्टुलावर टेकली, दम खाली बसू दिला. मग ट्रेवर वाकली.

"बापा! कोपरा तर पुरा साफ केला तुमी."

"चुकलं."

"हात द्या." तिने त्यांचा राकट पंजा रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "सकाळ-संध्याकाळ असं करायचं. वाऱ्यासारखं. देठ घट्ट होते. तुमच्या हाताले चैन नाई ना? घ्या मग, काम दिलं."

पुढचा महिना ती रोज यायची, आधी एकदा, मग तीनदा. रोपं सहा पानांवर आल्यावर फांद्या फुटाव्यात म्हणून तिनेच शेंडे खुडले, मनोहररावांचा धीर झाला नाही. मग रोपांना ऊन दाखवणं सुरू झालं. पहिल्या दिवशी सकाळचा अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर. "आज लावू का?" मनोहरराव रोज विचारत. "आज नाई," ती रोज म्हणे.

नोव्हेंबर सरता सरता एका संध्याकाळी तीच म्हणाली, "घ्या खुरपं."

एकेचाळीस रोपं होती. ती वाफ्याच्या कडेला वॉकर धरून उभी राहिली आणि वीतवीत अंतर दाखवत गेली. मनोहरराव लावत गेले, कुठेच थांबेनात. शेवटचं रोप बसलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

ओल्या मातीत वॉकरचे पाय चांगले चार बोटं रुतले होते.

"हसता काय?" जयवंता ओरडली. "आधी मले काढा इथून. नाईतर मीच रुजून जाईन!"