सुईला अडवणारी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी टोपी आहे. डोक्यावरची नव्हे, बोटावरची. हाताने शिवताना सुईचे मागचे टोक बोटात रुतू नये म्हणून शिवणारे मला मधल्या बोटात घालतात. दुकानात मला अंगुस्तान म्हणत. आमच्या बाई मात्र पहिल्या दिवसापासून टोपीच म्हणाल्या.

माझा जन्म एका ठोक्याचा. पितळी पत्र्याची चकती, वरून साचा, की झाली टोपी. मग सुई घसरू नये म्हणून अंगभर बारीक खळगे पाडले. बाईंनी मला निवडले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. दुकानदाराने पुढे केलेल्या डझनभर टोप्या त्यांनी घालून पाहिल्या, आणि माझ्यात बोट गेल्यावर म्हणाल्या, "हीच." तो शब्द मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर चाळीस वर्षे आम्ही दोघींनी मिळून काम केले. कोटांची अस्तरे, गणवेशांची काजे, पडद्यांच्या झालरी. सुईची टोके खाऊन खाऊन बाईंच्या डाव्या हाताची बोटे चामड्यासारखी झाली. पण माझ्या आतले उजव्या हाताचे मधले बोट मऊसूत राहिले. शिकायला येणाऱ्या मुलींना बाई ते दाखवत. "बघा, या बोटाला अजून एकोणिसावंच वर्ष चालू आहे!" मी आतल्या आत फुगत असे.

मग बाईंना मधुमेह झाला. डॉक्टरांनी इन्सुलिनचे इंजेक्शन सांगितले, आणि ते घेण्याआधी दरवेळी बोट टोचून रक्तातली साखर तपासायला सांगितली. टेबलावर, माझ्या डबीशेजारी, एक छोटे यंत्र येऊन बसले. सोबत टोचायचे पेन आणि पट्ट्यांची बाटली. मी जन्मभर जिला बोटापासून लांब ठेवले, ती सुई आता बाई स्वतःहून टोचून घेणार होत्या! मला धडकीच भरली.

पण डाव्या हाताच्या त्या निबर बोटांतून रक्तच येईना. बाई बोट पिळत, थेंब यायचा टाचणीच्या डोक्याएवढा. यंत्र चूक दाखवी आणि पट्टी वाया जाई. बाईंच्या थोरल्या नणंद त्यांच्याजवळच राहत. गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाई त्यांना वन्सं म्हणत. त्या म्हणाल्या, "अगं, उजवं मधलं टोच ना. लोण्यासारखं आहे ते."

"ते माझं कामाचं बोट आहे, वन्सं. त्याला धक्का लावायचा नाही."

खरे सांगू? मला तेव्हा फार बरे वाटले. त्याची लाज आजही वाटते.

कारण बाईंनी तपासणेच सोडून दिले. इंजेक्शन मात्र अंदाजाने घेत राहिल्या. वन्संनी विचारले, "किती आली?" की उत्तर ठरलेले, "एकशे वीस." तिसऱ्या दिवशी वन्संनी चष्मा खाली ओढला. "तीन दिवस एकच उत्तर? अगं, कॉपी करणारी पोरंसुद्धा एखादा आकडा बदलतात!"

"माझी शुगर तुमच्यासारखी शिस्तीची आहे," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. मी हसले नाही. यंत्राच्या पिशवीची चेन तीन दिवसांत एकदाही उघडली नव्हती, हे मी पाहत होते.

त्याच संध्याकाळी एक जाड लोकरी कोट पुरा करायचा होता. बाईंनी इंजेक्शन घेतले आणि म्हणाल्या, "एवढं एक काज संपवते, मग जेवते." एकाची तीन काजे झाली. अचानक मला आतून ओल जाणवली. घाम! मग ते बोट थरथरू लागले. चाळीस वर्षांत कधी न थरथरलेले बोट, आणि गार, विहिरीच्या पाण्यासारखे गार. सुई माझ्या खळग्यांवरून सटकली. टाके रेघ सोडून भरकटले. मला सगळे कळत होते, आणि मी काहीच करू शकत नव्हते.

"अगं, ताट वाढून अर्धा तास झाला," वन्सं म्हणाल्या.

"गप्प बसा हो! तुम्हाला काय कळतं शिवणातलं?"

बाई अशा कधी बोलल्या नव्हत्या. दुसरे कोणी रुसून आत गेले असते. वन्सं मात्र जवळ आल्या. त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला, हात धरला आणि मला ओढून काढले. ओल्या फडक्याने बोट पुसले, कोरडे केले आणि त्यावर पेन टेकवले. त्याच बोटावर!

मित्रांनो, आयुष्यभर सुईला अडवणारी मी टेबलावर आडवी पडून मनात ओरडत होते, टोच, एकदाची टोच!

टच्. लगेच टपोरा थेंब वर आला. यंत्रावर आकडा उमटला, अठ्ठेचाळीस. इंजेक्शन घेऊन जेवण लांबल्याने साखर धोक्याइतकी खाली गेली होती.

"बोलू नकोस. आधी हे पी," म्हणत वन्संनी साखरेचे पाणी बाईंच्या ओठांना लावले. पेला दातांवर वाजत होता. ती पंधरा मिनिटे कशी गेली, ते विचारू नका. पुन्हा टोचले. सत्त्याऐंशी.

"वन्सं, ते एकशे वीस खोटं होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"कळलं होतं मला. तरी नुसती विचारत बसले, यंत्र उघडून पाहिलं नाही. माझेही गुण कापायला हवेत."

दवाखान्यातल्या परिचारिकेने नंतर नीट शिकवले. हात कोमट पाण्याने धुवायचे, थोडा वेळ खाली सोडायचे, बोटाच्या कडेला टोचायचे, रोज बोट बदलायचे. डावी बोटे अजून हट्टीपणा करतात, म्हणून मधल्या बोटाची पाळी वारंवार येते. टोचलेल्या जागी मी बोचते. आता मी बहुतेक डबीतच असते. पितळ काळवंडले आहे. वाईट वाटत नाही असे नाही. पण यंत्राचा 'टुक्' आवाज आला की मी निश्चिंत होते, आणि वेळ टळली की जीव टांगणीला लागतो.

म्हणून एवढेच मागते. तुमच्या घरात कोणी असे बोट टोचून घेत असेल, तर लांबून 'किती आली?' विचारू नका. शेजारी बसा, आकडा स्वतः पाहा. आणि कधी ते माणूस घामाघूम होऊन, थरथरत, उगीचच तुमच्यावर डाफरले, तर रुसू नका. मोठ्यांना हाक मारा. मला ना हात आहेत, ना आवाज. तुम्हाला दोन्ही आहेत.